आधी रातकिडे मोजा, मग जोडी लावा

मागच्या अंकात पाळीव शॅमेलिऑनचा (रंग बदलणाऱ्या सरड्याचा) पिंजरा, लाइट आणि पाणी यावर लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली होती की ब्रीडिंगबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. त्यावर एवढी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. बहुतेक पत्रं व्हेल्ड शॅमेलिऑनबद्दल आहेत, काही पँथरची आणि एक जॅक्सनचं (या सगळ्या शॅमेलिऑनच्याच जाती), आणि जवळजवळ सगळेच पहिल्यांदा करणारे आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, माझ्याकडे व्हेल्डची जोडी आहे, दोघंही साधारण सात महिन्यांचे. एकाच मोठ्या पिंजऱ्यात ठेवले तर आपोआप जोडी जमेल ना? की मुद्दाम काही करावं लागतं?

आपोआप जमेल, पण तुम्हाला हवं तसं नाही जमणार. शॅमेलिऑन हा एकट्याने राहणारा प्राणी आहे, त्याला सोबत नको असते, आणि एकत्र ठेवलेली मादी दिवसभर नराच्या नजरेखाली राहून टेन्शनने खाणं कमी करते, कोपऱ्यात बसते, आणि आपल्याला वाटतं किती शांत आहेत दोघं. दोन पिंजरे, मध्ये आडोसा, एकमेकांना दिसायला नकोत. जोडीसाठी फक्त तेवढ्यापुरतं समोर आणायचं आणि मग परत वेगळं.

आता वय. व्हेल्डची मादी चार ते सहा महिन्यांत वयात येते हे खरंय, त्यामुळे सात महिन्यांची मादी नराला घेईलसुद्धा. पण तिची स्वतःची वाढ अजून चालू असते. हाडांसाठी लागणारं कॅल्शियम तेव्हाच अंड्यांना द्यायला लागलं तर मादी आतून पोकळ होते, आणि अंडी अडकण्याचा धोका वाढतो. माझं मत विचाराल तर वर्षाची होईपर्यंत थांबा, आणि तेव्हाही ती भरलेली, चपळ, डोळे टपोरे, पकड घट्ट अशी असेल तरच. नराचं वय एवढं नाजूक नाही, तोही वर्षाच्या आसपास असला की झालं.

आणि एकदा खात्री करून घ्या की तुमची जोडी खरंच जोडी आहे. व्हेल्डमध्ये हे सोपं आहे, नराच्या मागच्या पायाच्या टाचेला एक छोटा काटा असतो, अगदी अंड्यातून बाहेर आल्या दिवसापासून. मादीला तो नसतो. भाऊबहीण असतील तर मात्र ही जोडी नकोच, एकाच ठिकाणाहून एकाच वेळी दोन पिल्लं घेतली असतील तर विकणाऱ्याला आधी तेच विचारा.

प्रश्न : नराला मादी दाखवली तर तो एकदम भडक रंगाचा झाला, मान हलवायला लागला. मादी मात्र काळपट पडली, तोंड उघडून फुत्कारली, अंग डोलवत राहिली. लाजत असेल का? अजून थोडा वेळ ठेवू का?

लाजत नाहीये, "चालता हो" म्हणतेय. लगेच बाहेर काढा. काळपट अंग, त्यावर ठळक ठिपके, वासलेलं तोंड, डोलणं, हे सगळे स्पष्ट नकार आहेत, आणि त्यानंतरही ठेवलंत तर चावाचावी होते, त्यात नुकसान बहुतेक मादीचंच.

तयार असलेली व्हेल्ड मादी शांत, फिकट हिरवी राहते, नराकडे पाठ करून हळूहळू पुढे सरकते, भांडत नाही. पँथरची मादी तयार असली की गुलाबी-पीच रंगाची दिसते. आधी दोन पिंजरे समोरासमोर आणून नुसतं बघू द्या, पाच मिनिटांत तिचा रंग काय सांगतो ते कळतं. ती शांत राहिली तर तिला नराच्या पिंजऱ्यात सोडा (उलटं नको, नर आपल्या जागेत जास्त बिनधास्त असतो) आणि तिथेच बसून राहा, फोन बाजूला ठेवून. मिलन दहा मिनिटांपासून अर्ध्या-पाऊण तासापर्यंत चालू शकतं. नंतर एखाद्या दिवसात तिचा रंग बदलतो, व्हेल्ड गडद हिरवी-काळपट होऊन पिवळे-निळे ठिपके येतात, पँथर तपकिरी-काळी होऊन तिच्यावर पीच रंगाचे उभे पट्टे उठतात. हा रंग आला की समजायचं काम झालं, आता नर पुन्हा दाखवायचा नाही. आज नकार मिळाला तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघा, रोज रोज नको.

एकाने यातच विचारलंय की नर एवढा भडक होतो तो नक्की कसा. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी पँथरच्या त्वचेवर हे दाखवलं. त्वचेतल्या पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे मांडलेले असतात, नर शांत असताना ते एकमेकांच्या जवळ असतात आणि निळसर-हिरवा उजेड परत फेकतात, तो चवताळला की त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि पिवळा-लाल दिसायला लागतो. म्हणजे प्रत्येक वेळी नवा रंग तयार होत नाही, आहे त्याच स्फटिकांची मांडणी बदलते.

प्रश्न : माझ्याकडे नर नाहीच, एकटी व्हेल्ड मादी आहे. गेले दोन दिवस ती पिंजऱ्याच्या तळाशी फिरतेय, कुंडीतली माती उकरतेय, खाणंही कमी केलंय. आजारी आहे का?

हे पत्र वाचून मी आधी फोन केला, मग कॉलम लिहायला घेतला. तुमची मादी अंड्यावर आलीय. नर नसला तरी व्हेल्डच्या माद्या कोंबडीसारख्या अंडी घालतात, फक्त ती फलित नसतात, आणि ही अंडी बाहेर काढायला जागा मिळाली नाही तर ती आत अडकून मादी मरू शकते. ब्रीडिंग करायचंच नाही म्हणणाऱ्यांनी पण हे वाचा, कारण मादी पाळली म्हणजे अंडी आलीच.

लागणारी वस्तू साधी आहे, एक खोल बादली किंवा डबा, कमीत कमी ३० सेंटीमीटर लांब-रुंद आणि तेवढाच खोल. त्यात धुतलेली वाळू, किंवा वाळू आणि खत-औषध न घातलेली माती मिसळून, आणि पाणी एवढंच की बोट घालून भोक पाडलं तर ते ढासळणार नाही. कोरडी वाळू ढासळते आणि मादी वैतागून सोडून देते, चिखल केला तर तीही चालत नाही. वयात आलेल्या मादीच्या पिंजऱ्यात हा डबा कायमचा ठेवा, उकरायला लागल्यावर धावाधाव करायची वेळच येऊ नये.

ती बोगदा खणते, कधी थेट तळापर्यंत, कधी दोन-तीन बोगदे अर्धवट सोडून चौथा खणते. एक दिवस लागेल, दोन लागतील. या काळात तुम्ही तिला दिसता कामा नये, पिंजऱ्याला तीन बाजूंनी कापड लावा आणि एका फटीतून बघा, कारण माणूस दिसला की ती काम अर्धवट टाकून वर चढते आणि मग अंडी धरून ठेवते. घातल्यावर ती भोक बुजवते, पायांनी माती दाबते, आणि मातीने माखलेली, पोट खपाटीला गेलेली वर येते. तेव्हा तिला भरपूर पाणी द्या, बराच वेळ पाण्याचा बारीक फवारा मारा, पुढचे काही दिवस कॅल्शियम लावलेले किडे पोटभर.

पण खणणं थांबलं, अंडी आली नाहीत, आणि मादी तळाशी सुस्त बसलीय, दिवसा डोळे मिटतेय, डोळे खोल गेलेत, पकड ढिली झालीय, तर त्याच दिवशी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे न्या. ते एक्सरे काढतील, कॅल्शियम आणि ऑक्सिटोसिन देऊन बघतील, नाहीच जमलं तर ऑपरेशन. घरगुती तेल, कोमट पाण्यात बसवणं, पोट चोळणं, यातलं काहीही करू नका, पोट दाबलं तर अंडं आत फुटतं.

आणि पुढच्या वेळेसाठी, व्हेल्डच्या मादीला जेवढं खाऊ घालाल तेवढी जास्त अंडी. मोठ्या झालेल्या मादीला एक दिवसाआड चार-पाच किडे पुरतात, आणि बास्किंगची (दिव्याखाली ऊब घेत बसायची) जागा २७-२८ अंशांच्या आसपास ठेवली तर अंड्यांची संख्या बरीच खाली येते. रोज पोट फुटेस्तोवर खाणारी, कडक उन्हात बसणारी मादी ६०-७० अंडी घालते. लोक तो फोटो अभिमानाने दाखवतात, मला मात्र त्या मादीचं वाईट वाटतं.

प्रश्न : ३८ अंडी मिळाली! आता कशात ठेवायची, किती तापमान, किती दिवस? इन्क्युबेटर घ्यावाच लागेल का?

अभिनंदन. माती हळूहळू बाजूला करून अंडी काढली असतील, काढताना जी बाजू वर होती तीच वर ठेवा, हवं तर मऊ पेन्सिलीने वर एक बारीक ठिपका द्या. फिरवायची नाहीत, हे कोंबडीचं अंडं नाही.

झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट (कुंड्यांसाठी मिळणारे, ओल धरून ठेवणारे हलके खनिज दाणे). पाणी घालून मुठीत घट्ट दाबलं तर एखादा थेंब यावा, धार लागू नये. अंडी अर्धी गाडलेली, दोन अंड्यांत बोटभर अंतर (ती पुढे फुगून मोठी होतात, तेव्हा जागा लागते). झाकणाला सुईने दोन-तीन भोकं. आणि भरलेल्या डब्याचं वजन करून झाकणावर लिहून ठेवा. पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी उघडून हवा द्यायची, वजन बघायचं, कमी झालं असेल तेवढंच पाणी कडेने घालायचं, अंड्यांवर नाही. अंदाजाने पाणी घालणारे बहुतेक वेळा जास्तच घालतात.

तापमान २४ ते २६ अंश, तेही स्थिर. घरात एखादं कपाट वर्षभर या मापात राहत असेल तर इन्क्युबेटरशिवाय होतं. नसेल तर घ्या, पण वेगळा थर्मामीटर आत ठेवून, मशीनच्या आकड्यावर भरवसा नको. गरम ठेवलं तर लवकर फुटतात हे खरं आहे, पण घाईत वाढलेली पिल्लं लहान आणि अशक्त निघतात, आणि ३० च्या वर गेलं की अंडी मरायला लागतात. नर-मादी तापमानावर ठरतात असंही एकाने लिहिलंय, काही सरपटणाऱ्यांत ठरतात, व्हेल्डमध्ये नाही.

दिवस नाही, महिने. व्हेल्डला साधारण सहा ते नऊ महिने, पँथरला सहा ते बारा. एखादं अंडं पिवळं पडून बसलं, त्यावर बुरशी आली तर उचलून टाका, शेजारचं अंडं चांगलं असेल तर त्याला सहसा काही होत नाही. बरीचशी अंडी एकदम पिचकली तर मात्र ओल कमी पडलीय.

प्रश्न : दोन महिने झाले, अंधारात टॉर्च लावून बघते तर आत काहीच दिसत नाही. फेकून द्यावीत का?

अजिबात नाही. बहुतेक सरड्यांच्या अंड्यात घालतानाच पिल्लाची बरीच वाढ झालेली असते, शॅमेलिऑनचं तसं नसतं, व्हेल्डचा गर्भ अंडं घातलं तेव्हा अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर असतो आणि पुढे कितीतरी आठवडे जवळजवळ थांबून राहतो. रक्तवाहिन्या दिसायला महिने जातात. अंडं पांढरं, टणक आणि फुगत असेल तर ठीक चाललंय, टॉर्च ठेवून द्या. पार्सन नावाच्या मोठ्या शॅमेलिऑनची अंडी तर वर्षापेक्षा जास्त घेतात, कधी दोन वर्षांपर्यंत, म्हणजे तुम्ही सुटलात असं समजा.

प्रश्न : पँथरचा नर निळा, अंबिलोबेचा आहे. मादी कुठलीही चालेल का?

चालेल म्हणजे पिल्लं होतील, पण करू नका. पँथर हे मादागास्करचे, तिथे अंबिलोबे, अंबान्जा, नोसी बे अशा भागाभागांतले नर वेगवेगळ्या रंगांचे असतात, माद्या मात्र सगळीकडच्या जवळपास सारख्याच दिसतात. त्यामुळे मादी कुठली हे तिच्याकडे बघून सांगता येत नाही, विकणाऱ्याकडचे तिच्या आईबापांचे फोटो आणि नोंदी हाच पुरावा. एकदा सरमिसळ झाली की पुढच्या पिढ्यांचं मूळ कुणालाच सांगता येत नाही. शिवाय पँथर, व्हेल्ड, जॅक्सन सगळे साइट्स कराराच्या (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात येतात, तेव्हा पिंजऱ्यातच जन्मलेले आणि कागदपत्रं असलेले घ्या, आणि आपल्याकडे पाळायला-विकायला काय परवानगी लागते ते जोडी लावायच्या आधी बघा. जंगलातून पकडून आणलेल्या मादीत जंत आणि ताण दोन्ही असतात, पहिल्या ब्रीडिंगला ती नकोच.

प्रश्न : जॅक्सनची मादी पाच महिने झाले नुसती जाड होत चाललीय. डबा ठेवलाय पण खणतच नाही.

खणणार नाही, जॅक्सन अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. पाच-सहा महिने, कधी त्याहून जास्त. पिल्लं एका पातळ चिकट पिशवीत खाली टपकतात आणि थोड्या वेळात पिशवीतून बाहेर पडून चढायला लागतात, एका वेळी आठ-दहापासून तीसपर्यंत, त्यामुळे पिंजऱ्याच्या तळाला पाण्याचं उघडं भांडं नको आणि बारीक फटी आजच बंद करा. डोंगरातला प्राणी आहे, रात्री गारवा लागतो, तिला व्हेल्डच्या गरमीत ठेवू नका.

प्रश्न : अंड्यांवर पाण्याचे थेंब दिसायला लागलेत, एक थोडं चिरलंय पण पिल्लू अर्ध्यात अडकलंय. ओढून काढू का? आणि बाहेर आली की काय खायला देऊ, अजून आणलं नाहीये.

ओढू नका. अंडं घामेजतं, थोडं आकसतं, मग पिल्लू चीर पाडून डोकं बाहेर काढतं आणि एक दिवस तसंच बसून राहतं, कारण पोटाशी उरलेला बलक ते अजून शोषून घेत असतं. ओढलंत तर तेवढंच जखमी होईल. सगळी एका दिवशी येतील असंही नाही, आठवडाभर किंवा जास्तही चालतं.

पण तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी डोक्याला हात लावला. हिशेब करा. ४० पिल्लं, प्रत्येकी दिवसाला दहा ते वीस बारीक किडे, म्हणजे रोज ४०० ते ८००. पिल्लं दुसऱ्याला देण्याजोगी व्हायला दोन ते तीन महिने. कमीत कमी धरलं तरी बारा आठवड्यांत ३३ हजारांच्या वर किडे, आणि किडे प्रत्येक आठवड्याला मोठे करत न्यायचे, कारण पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा किडा द्यायचा नाही. हे विकत आणायचे म्हटलं तर एका खेपेतच कंटाळाल. म्हणून मी म्हणते की ते सहा-सात महिने अंडी बघत बसायला नाहीत, किड्यांची शेती जमवायला आहेत. न उडणाऱ्या फळमाश्यांचं कल्चर (डब्यात वाढवलेली पैदास) दोन आठवड्यांत तयार होतं, मोठ्या हायडी जातीचं तीन आठवडे किंवा थोडं जास्त घेतं, ते दर आठवड्याला एक नवीन असं लावत राहायचं. रातकिड्यांची अंडी उबवायला ठेवा म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे किडे लागतील तेव्हा मिळतील. तुमच्याकडे वेळ उरलेला नाही, तेव्हा आज जिथून मिळतील तिथून फळमाश्या आणा. पिल्लं पहिला दिवस-दीड दिवस खात नाहीत, तेवढाच अवधी आहे.

किड्यांना आधी चांगला पाला-भाजी खाऊ घाला, मग साध्या कॅल्शियमची पावडर लावून द्या, डी-थ्री व्हिटॅमिन आणि मल्टिव्हिटॅमिन दोन आठवड्यांतून एकदा. युव्हीबी ट्यूब (अतिनील किरण देणारा दिवा) पहिल्या दिवसापासून, नाहीतर हाडं वाकतात आणि वाकलेलं पाऊल पुन्हा सरळ होत नाही. बास्किंग मंद, पिल्लं चटकन सुकतात. पाणी भांड्यातून पीत नाहीत, पानांवरचे थेंब चाटतात, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा बारीक फवारा. पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लं जातात ती बहुतेक पाणी कमी पडून.

सारख्या आकाराची पाच-सहा पिल्लं एका डब्यात, भरपूर डहाळ्या घालून. एक मोठं होऊन बाकीच्यांच्या डोक्यावर बसायला लागलं की त्याला वेगळं करा, ते लहानांना चावत नसेल तरी ती त्याच्या धाकाने खात नाहीत. दोन-तीन महिन्यांत प्रत्येकाला आपापला पिंजरा, आणि तेव्हा ४० पिंजरे म्हणजे काय ते कळतं.

एवढं जमणार नसेल तर सगळी अंडी उबवायची सक्ती नाही. घातल्या घातल्या, गर्भ अगदी सुरुवातीला असतानाच, नको असलेली अंडी फ्रीझरमध्ये टाका आणि दहा-बाराच ठेवा. पहिल्या वेळेला दहा पिल्लं खूप होतात. महिनाभर वाढल्यावर मात्र हा मार्ग बंद.

प्रश्न : यात पैसे सुटतात का?

नाही. किडे, वीज, ट्यूब आणि व्हेट धरले तर पहिल्या वेळी खिशातूनच जातात. व्हेल्डची पिल्लं तर एवढी होतात की घेणारा शोधणं हेच मोठं काम, तेव्हा नावं आधी लिहून घ्या, आणि "बघू, मोठी झाली की घेतो" म्हणणाऱ्याला मोजू नका.

प्रश्न : नर तीन महिन्यांपूर्वी मित्राला दिला. पहिली अंडी झाली, आता मादीचं पोट पुन्हा भरलंय. हे कसं?

मादी नराचं बीज शरीरात साठवून ठेवते, एका मिलनावर दुसरी आणि कधी तिसरी खेपसुद्धा फलित निघते, मध्ये साधारण तीन-चार महिन्यांचं अंतर. म्हणजे ही अंडीही फलित असू शकतात, रिकामी समजून टाकू नका, आणि नको असतील तर लगेच फ्रीझर. पहिल्या खेपेत तिचं वजन उतरलं असेल, ते पूर्ण भरून आलंय का बघा, कॅल्शियम वाढवा, आणि या वर्षात नर पुन्हा आणू नका. वाळूचा डबा काढून ठेवला असेल तर आज संध्याकाळीच परत आत ठेवा, वाळू ओली करून.